प्राणी गुप्तहेरांच्या गोष्टींचा संच, नऊ महिने वापरल्यावर

जूनमध्ये मागवला होता हा संच, आता मार्च चाललाय, म्हणजे पावसाळा, दिवाळी, थंडी सगळं झालं आणि पुस्तकं अजून रोज कुणाच्या ना कुणाच्या हातात असतात, म्हणून आता लिहायला हरकत नाही. चार बारीक पुस्तकं आहेत, नुकतं वाचायला लागलेल्या मुलांसाठी. ससा आणि साळिंदर हे दोघं गुप्तहेर आणि प्रत्येक पुस्तकात काहीतरी हरवलेलं असतं. मूळ परदेशातलं, मराठीत आणलेलं. आम्ही आंजर्ल्याला राहतो, कुरिअर दापोलीपर्यंतच येतं, तिथून ह्यांनी एसटीने आणला.

आमचा मुलगा दुसरीत. काना मात्रा वेलांटी सगळं येतं, पण जोडाक्षर आलं की अडायचा आणि रफार तर त्याला दिसायचाच नाही, सूर्यचं सूय, गर्दीचं गदी. वाचायला बस म्हटलं की पाणी पिऊन येतो, मांजराला बघून येतो, आणि शेवटी मी ओरडायचे आणि तो रडायचा. हे रोजचंच झालं होतं.

फरक पडला तो दुसऱ्या पुस्तकापासून. त्यात बर्फाच्या गावात दोरीवर वाळत घातलेले लोकरीचे हातमोजे एकेक करून गायब होतात. आता आमच्याकडे कसला बर्फ आणि कसले हातमोजे, पण बर्फातले पायांचे ठसे म्हणजे ओहोटीनंतरच्या ओल्या वाळूवर उमटतात तसेच, एवढं सांगितलं आणि त्याला लगेच कळलं. शेवटी निघतं काय, तर एका उंदरीणीने पिल्लांना ऊब मिळावी म्हणून ते मोजे बिळात नेलेले असतात. कुणी चोर नाही, कुणाला शिक्षा नाही, सगळे मिळून तिला आणखी लोकर देतात. माझा मुलगा रात्री घाबरणारा आहे म्हणून मला हे फार मोलाचं वाटलं, कोडं आहे पण भीती अजिबात नाही.

आणि खरी गंमत चित्रात आहे. लाल लोकरीचा एक धागा पाचव्या पानापासून प्रत्येक चित्रात कुठेतरी असतो, शब्दांत त्याचा उल्लेखच नाही. साळिंदर सारखं म्हणतं "थांब, मागे जाऊन बघू" आणि मग मूलही खरंच मागे जातं, पानं उलटतं, तीच वाक्यं परत वाचतं. मी शंभरदा सांगून जे झालं नसतं ते झालं, तेच पान चार चार वेळा वाचलं आणि चौथ्या वेळी रफार सुटला नाही. गुप्तहेर हा शब्द पानोपानी येतो त्यामुळे प्त पक्का झाला, आणि एक दिवस देवळाबाहेर हरिनाम सप्ताहाचा फलक त्याने आपणहून वाचला तेव्हा मला भरून आलं.

मग हे वेड पुस्तकाबाहेर आलं. अंगणातल्या ठशात नखं उमटली असतील तर कुत्रा, नसतील तर मांजर, कारण मांजर चालताना नखं आत ओढून घेतं. एकदा माडाच्या झावळ्या कात्रीने त्रिकोणी कापल्यासारख्या दिसल्या तर म्हणाला आजोबा, कात्री कुणाची? आजोबांनी सांगितलं की हा गेंड्या भुंगा, झावळी कोंबात घडी असतानाच तो पोखरतो म्हणून उलगडल्यावर दोन्ही बाजूंना सारखा काप दिसतो. लगेच कागदाची घडी घालून, कापून, उलगडून बघितली त्याने.

जानेवारीत ह्यांच्याबरोबर पहाटे किनाऱ्यावर गेला तेव्हा कासवमित्र कासविणीचा माग काढत होते. पाण्यातून वर आलेला आणि परत पाण्यात गेलेला माग, ट्रॅक्टरच्या चाकासारखा, आणि मध्ये कुठेतरी वाळू उकरून परत बुजवलेली, तिथे घरटं. ऑलिव्ह रिडले जातीची ही कासवीण रात्री येते, शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते, परत बघायलाही येत नाही, मग कुत्र्या-कोल्ह्यांपासून वाचवायला अंडी कुंपणाच्या आत नेऊन ठेवतात. घरी येऊन म्हणाला आई, हेपण गुप्तहेरच ना. हो रे बाबा, खरेच.

आता खटकलेलं. भाषा काही ठिकाणी फार जड आहे, सात वर्षांच्या मुलाला अन्वेषण आणि संशयित कशाला, शोध म्हणा, माग म्हणा, आजी विळीवर नारळ खवताना ऐकत असते तीसुद्धा विचारते म्हणजे काय गो? मी पेन्सिलीने सोपे शब्द वर लिहून ठेवलेत. दोन पानांवर काळी अक्षरं गडद निळ्या आकाशावर छापलीत, संध्याकाळी लाइट कमी असला की दिसत नाहीत. बांधणी नुसती गोंदाची आहे, शिवण नाही, आणि आमच्याकडे जुलैत कपडे वाळत नाहीत तिथे गोंद काय टिकणार, तिसऱ्या पुस्तकाची पानं सुटली आणि पहिल्याच्या कव्हरला भुरा आला. सासूबाईंनी खळ करून पानं चिकटवली. कोकणात घेणार असाल तर आल्याबरोबर प्लॅस्टिकचं कव्हर घाला आणि पावसाळ्यात स्वयंपाकघरात वरच्या फळीवर ठेवा, तिथे ऊब असते.

पहिलीच्या सुरुवातीला हा संच देऊ नका, नुसती अक्षरं ओळखणाऱ्या मुलाला चार ओळींचं पान जड जाईल. काना मात्रा झालेल्या मुलाला द्या, आणि पहिले आठ-दहा दिवस शेजारी बसा.

अजून एक, उत्तर शेवटच्या पानावर उघडं छापलंय आणि मुलं आधी तेच बघतात. मे महिन्यात मुंबईहून आतेबहीण येणार आहे, तिच्यासाठी ह्याने चौथ्या पुस्तकाच्या शेवटच्या पानाला आत्तापासून कपड्यांचा चिमटा लावून ठेवलाय.