उबुंटू आणि जागतिक नागरिकत्व: ‘आम्ही’ कुठवर पोचतो?

झुलू भाषेत भेटल्यावर ‘सावुबोना’ म्हणतात. शब्दशः, ‘आम्ही तुला पाहतो’. बोलणारा एकटा असला तरी ‘आम्ही’च. उबुंटू या आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या जीवनविचाराचं मूळ इथे आहे: माणूस माणसांमुळेच माणूस होतो. जागतिक नागरिकत्व, म्हणजे प्रत्येक माणूस साऱ्या जगाचा नागरिक हा विचार, मात्र व्यक्तीपासून निघतो. १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातले हक्क तिचे, देश कोणताही असो.

खरा फरक कळतो तो गुन्हा घडल्यावर. हक्कांची भाषा विचारते, कुणाचा कोणता हक्क मोडला. उबुंटू विचारतं, तुटलेलं नातं सांधायचं कसं. दक्षिण आफ्रिकेच्या १९९३च्या अंतरिम राज्यघटनेत सूड नको, समजूत हवी; छळ नको, उबुंटू हवं, असं लिहिलं गेलं. १९९५मध्ये फाशी रद्द करताना घटना न्यायालयातल्या अनेक न्यायमूर्तींनी त्याचाच आधार घेतला. नातं सांधण्याचं हे बळ आम्हाला उबुंटूचंच वाटतं.

पण ‘आम्ही’ आखडला की उबुंटू हरतं. २००८मध्ये त्याच देशात परदेशी आफ्रिकी स्थलांतरितांवर हल्ले झाले, ६०हून अधिक जीव गेले. तिथे परक्याच्या बाजूने हक्कांची यादीच उभी राहते. तिचं दुखणं निराळं: जागतिक नागरिकत्व देणारं कार्यालय कुठेच नाही, आणि सीमेवर निर्वासिताकडे पासपोर्टच मागतात.