जुन्या सीएनसी राउटरसाठी लिनक्ससीएनसी आणि मेसाचे कार्ड

पंधरा-वीस वर्षे चाललेला लाकूडकामाचा सीएनसी राउटर (संगणकाच्या आज्ञेने लाकूड कापणारे यंत्र) बंद पडतो तेव्हा दोष बहुधा लोखंडात नसतो. सांगाडा, लिनिअर गाइड (सरळ सरकण्याच्या पट्ट्या) आणि बॉलस्क्रू (मोटरचे फिरणे सरळ हालचालीत बदलणारा स्क्रू) वेळेवर ग्रीस मिळाल्यास दीर्घकाळ टिकतात. आधी निकामी होते ते जुन्या संगणकातील, आता बाजारात न मिळणारे कंट्रोल कार्ड. अशा राउटरवर आमच्या कार्यशाळेत आम्ही लिनक्ससीएनसी ही यंत्र चालवणारी मोफत संगणक प्रणाली आणि मेसा या कंपनीचे ७आय७६ई हे कार्ड बसवले आहे. ही जोडी मला मनापासून आवडली आहे, परंतु ती प्रत्येकासाठी नाही.

लिनक्ससीएनसीचे मूळ अमेरिकेतील एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेच्या १९९० च्या दशकातील कामात आहे. तिचा स्रोत खुला असल्यामुळे एखाद्या उत्पादकाने व्यवसाय गुंडाळला म्हणून आपले यंत्र अडून राहत नाही, आणि जुने यंत्र सांभाळणाऱ्याला याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

ही प्रणाली संगणकाच्या पॅरलल पोर्टवरूनही (पूर्वी प्रिंटर जोडायचे ते पोर्ट) चालते, मग कार्डावर खर्च कशासाठी? दर फेऱ्याला १६०० पल्स (विद्युत ठोके) घेणारी, टप्प्याटप्प्याने फिरणारी स्टेपर मोटर आणि १० मिलिमीटर लीडचा, म्हणजे एका फेऱ्यात तेवढे सरकवणारा, बॉलस्क्रू असेल, तर मिनिटाला १० मीटर वेगासाठी सेकंदाला सुमारे २६,७०० पल्स लागतात. पॅरलल पोर्टवर प्रत्येक पल्स संगणकाचा प्रोसेसर तयार करतो, त्यामुळे त्याला क्षणभर उशीर झाला तरी मोटर थरथरते किंवा स्टेप चुकवते. ७आय७६ईमध्ये हे काम कार्डावरील एफपीजीए ही खास चिप करते आणि संगणकाशी संवाद इथरनेट केबलने होतो. पाच मोटरांचे स्टेप-डिरेक्शन सिग्नल, ३२ इनपुट, १६ आउटपुट आणि स्पिंडलच्या (कापणारे हत्यार फिरवणाऱ्या मोटरच्या) व्हीएफडीला, म्हणजे वेग-नियंत्रकाला, वेग सांगणारे अ‍ॅनालॉग आउटपुट एकाच कार्डावर मिळते. मात्र याच्या इनपुटला पीएनपी सेन्सर (लागल्यावर धन व्होल्टेज देणारे) लागतात; जुन्या राउटरवर एनपीएन सेन्सर (ऋण बाजूला जोडणारे) असतील तर ते बदलण्याचा किंवा मध्ये रिले घालण्याचा खर्च आधीच धरावा.

मला सर्वांत मोलाची वाटते ती हॅलस्कोप ही सोय. यंत्रातील प्रत्येक सिग्नलला नाव असते आणि तो पडद्यावर आलेखाच्या रूपात पाहता येतो. स्पिंडल सुरू होताच लिमिट स्विच (हालचालीची हद्द सांगणारा) उगाच लागल्याचे दिसले, तर दोष व्हीएफडीच्या विद्युत गोंगाटात आहे हे लगेच कळते, आणि मग शिल्डेड केबल व अर्थिंग सुधारायचे की स्विच बदलायचा हा निर्णय अंदाजाने घ्यावा लागत नाही. ज्या राउटरची गँट्री (स्पिंडल वाहणारा आडवा पूल) दोन मोटरांवर चालते, त्याला दोन्ही बाजूंचे होमिंग (सुरुवातीच्या ठरलेल्या जागी आणणे) एकत्र करून गँट्री काटकोनात आणता येते. रुंद पॅनल कापणाऱ्याला हे फार उपयोगी आहे. सर्व मांडणी साध्या मजकुराच्या फायलींत राहते, म्हणून पेन ड्राइव्हवर तिची प्रत ठेवली की संगणक बदलला तरी बरेचसे काम वाचते.

उणिवाही सांगायला हव्यात. माहितीपुस्तिका विस्तृत आहे, पण ती वाचणाऱ्याला वायरिंग समजते असे गृहीत धरते. संगणक नीट निवडावा लागतो. वीज वाचवण्यासाठी वेग सतत बदलणारे लॅपटॉप या कामाला योग्य नाहीत, म्हणून डेस्कटॉपवर लेटन्सी चाचणी (प्रतिसादाला होणारा उशीर मोजणारी) घेऊनच पुढे जावे. इमर्जन्सी स्टॉप तर केवळ सॉफ्टवेअरवर कधीही सोडू नये: लाल बटण दाबताच कॉन्टॅक्टरने (विजेवर चालणाऱ्या मोठ्या स्विचने) मोटरांचा वीजपुरवठा तुटला पाहिजे, आणि ते जोडण्यासाठी जाणकार इलेक्ट्रिशियनच बोलवावा.

ज्यांना फक्त दरवाजांवरील नक्षी पेन ड्राइव्हवरून चालवायची आहे, त्यांना हातात धरायचा डीएसपी कंट्रोलर स्वस्त पडेल आणि लवकर बसेल. टूल बदलण्याची यंत्रणा, चौथा अक्ष किंवा स्वतःचे सेन्सर जोडायचे असतील, तर मात्र मी लिनक्ससीएनसीच सुचवेन.