एक्सफॉइल, सेमिस्टरभर वापरल्यानंतर

एरोडायनॅमिक्सचा पहिलाच पेपर होता, त्या सेमिस्टरभर एक्सफॉइल वापरलं. विमानाच्या पंखाच्या आडव्या छेदावर (एअरफॉइलवर) हवेचं किती बल येतं, ते काढणारं हे सॉफ्टवेअर. मार्क ड्रेला यांनी १९८६ साली एमआयटीत लिहिलेलं, फोरट्रानमधलं आणि फुकट. माऊसला काम नाही, सगळ्या कमांड टाइप करायच्या. सुरुवातीला वैताग येतो. पुढे हात बसतो.

याचं खरं मोल एकाच गोष्टीत आहे: व्हिस्कॉसिटी, म्हणजे हवेचा चिकटपणा, हवी तेव्हा चालू-बंद करता येते. एनएसीए २४१२ हा नेहमीचा एअरफॉइल घ्या. जाडी शून्य धरणाऱ्या थिन एअरफॉइल थिअरीने झीरो-लिफ्ट कोन (ज्या कोनाला उचल शून्य होते तो) उणे २.०८ अंश, म्हणजे हवेशी ४ अंशांचा कोन असताना सीएल, अर्थात उचलीचा गुणांक, साधारण ०.६७. व्हिस्कॉसिटी बंद ठेवून एक्सफॉइल याहून थोडा जास्त आकडा देतं, कारण १२ टक्के जाडी त्याच्या हिशेबात असते, थिअरीच्या नसते. ड्रॅग (हवेचा विरोध) मात्र जवळपास शून्य! चिकटपणा नसलेल्या प्रवाहात ड्रॅगच निघत नाही, हा दालांबेरचा विरोधाभास असा डोळ्यांसमोर येतो. मग ‘व्हिस्क’ टाइप करून रेनॉल्ड्स नंबर (जडत्व आणि चिकटपणा यांचं गुणोत्तर) १० लाख द्या. सीएल जरा उतरतो आणि ड्रॅग हजर होतो. प्रान्टलने १९०४ मध्ये बाउंडरी लेयर (पृष्ठभागालगतचा, चिकटपणा जाणवणारा पातळ थर) मांडून नेमकं काय सोडवलं, ते मला इथे कळलं. परीक्षेपुरतं पाठ तर आधीही होतंच.

रेनॉल्ड्स १ लाखावर आणला की वरच्या पृष्ठभागाच्या सीपी (दाबाचा गुणांक) आलेखात एक सपाट टप्पा दिसतो आणि त्यापुढे सीपी झपकन बदलतो. हा लॅमिनार सेपरेशन बबल: संथ थर पृष्ठभागापासून सुटतो आणि खळबळून पुन्हा चिकटतो. कोन वाढवत गेलं की तो लीडिंग एजकडे (पुढच्या कडेकडे) सरकतो. हे बघत मी बराच वेळ घालवलाय, अभ्यासाच्या नावाखाली.

आता कटकटी. स्टॉलजवळ, म्हणजे कोन फार वाढून उचल कोसळते तिथे, ‘कन्व्हर्जन्स फेल्ड’ (उत्तर स्थिरावलं नाही) हमखास येतं. कोनाची पायरी बारीक करा, ‘आयटर’ने फेऱ्यांची मर्यादा वाढवा, ‘पेन’ कमांडने पृष्ठभागाचे तुकडे (पॅनेल) पुन्हा पाडा, बहुतेकदा निभावतं. त्याहून वाईट म्हणजे कन्व्हर्ज होऊन आलेला कमाल सीएल. तो बऱ्याचदा विंड टनेलमध्ये (हवेच्या बोगद्यात) मोजलेल्यापेक्षा जास्त असतो, आणि तसं सांगणारी कुठलीही सूचना येत नाही. एनक्रिट, म्हणजे प्रवाह कुठे खळबळीचा होतो ते ठरवणारा आकडा, मुळात ९ असतो, तो साधारण शांत टनेलसाठी. येणारी हवाच खळबळीची असेल तर कमी करावा लागतो. शिवाय सगळा हिशेब द्विमितीय, त्यामुळे इंड्यूस्ड ड्रॅग (पंखाच्या टोकांमुळे येणारा) यात नाहीच.

थिअरी शिकताना सोबतच सुरू करा, पण एक उदाहरण हाताने सोडवून झाल्यावर. आणि रिपोर्टात स्टॉलनंतरचा आलेख लावणार असाल, तर शेजारी एनएसीएची (नासाची पूर्वसुरी असलेली अमेरिकी संस्था) टनेलमधली मोजमापं लावा. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) पहिला प्रश्न त्यावरच येतो.