ताश्कंदची मेट्रो: तिकीट काढून पाहावी अशी

उझबेकिस्तानला जाणारा मराठी प्रवासी बहुधा समरकंद आणि बुखाऱ्याच्या ओढीने जातो आणि ताश्कंदकडे केवळ विमानातून उतरण्याचे ठिकाण म्हणून पाहतो. सहलींच्या कार्यक्रमातही या शहराच्या वाट्याला अनेकदा एखादाच दिवस येतो, आणि त्यात मेट्रो असलीच तर दोन-तीन स्थानकांवर उतरून छायाचित्रे काढण्यापुरती असते. माझे मत याच्या उलट आहे. ताश्कंदमध्ये जे काही पाहण्यासारखे आहे त्यात मी मेट्रोला पहिले स्थान देईन; आणि ती घोळक्याबरोबर धावतपळत न पाहता, स्वतः तिकीट काढून, कामाला आणि बाजाराला निघालेल्या माणसांच्या शेजारी बसून पाहावी, असे आवर्जून सांगेन.

ही मेट्रो समजून घ्यायची तर 1966 या वर्षापासून सुरुवात करावी लागते. त्या वर्षी 10 जानेवारीला लालबहादूर शास्त्री आणि अयूब खान यांनी ताश्कंद करारावर सह्या केल्या. तेव्हाचे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण भारताच्या शिष्टमंडळात होते. करारानंतर काही तासांतच शास्त्रीजींचे त्याच शहरात निधन झाले, हे आपल्याला ठाऊक असते. पण चव्हाणांनी आणि शास्त्रीजींनी पाहिलेले ते ताश्कंद पुढे साडेतीन महिनेच टिकले, हे सहसा ठाऊक नसते. 26 एप्रिलच्या पहाटे झालेल्या भूकंपाचे केंद्र शहराच्या अगदी खाली आणि फार कमी खोलीवर होते. त्यामुळे जुन्या वस्तीतील मातीच्या विटांची घरे मोठ्या प्रमाणावर कोसळली आणि लाखो लोक बेघर झाले. सोव्हिएत संघातील सर्व प्रजासत्ताकांतून कामगार आणि सामान आले, रुंद रस्त्यांचे नवे शहर उभे राहिले आणि त्या नव्या आराखड्यातच मेट्रोला जागा मिळाली. 6 नोव्हेंबर 1977 रोजी, ऑक्टोबर क्रांतीच्या साठाव्या वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी, तिचा पहिला टप्पा सुरू झाला. मध्य आशियातील ही पहिली मेट्रो; कझाकस्तानातील अल्माटीला मेट्रो मिळायला 2011 साल उजाडावे लागले.

भूकंपाची ही आठवण स्थानकांच्या रचनेत जागोजागी दिसते. मॉस्कोप्रमाणे येथे जमिनीच्या पोटात खोल उतरत जाणारे लांबच लांब सरकते जिने नाहीत. भूकंपाचे हादरे सोसतील अशा बेताने बांधलेली ही स्थानके जमिनीपासून थोड्याच अंतरावर आहेत, त्यामुळे पायऱ्यांचे एक-दोन टप्पे उतरले की आपण थेट फलाटाच्या दालनात येतो. दालन रुंद, फलाट मधोमध आणि दोन्ही बाजूंना गाड्या, अशी मांडणी बऱ्याच ठिकाणी आहे. यामुळे भिंतीवरचे काम पाहण्यासाठी पुरेसे अंतर मिळते, आणि मला तरी या मेट्रोचे अर्धे यश या साध्या गोष्टीत आहे असे वाटते. कितीही सुंदर कलाकृती असली तरी तिच्यासमोर चार पावले मागे सरकायला जागा नसेल तर ती नीट पाहता येत नाही.

एकच स्थानक पाहण्याइतका वेळ असेल तर कोस्मोनावत्लार पाहावे. 1984 मध्ये सुरू झालेले हे स्थानक अंतराळवीरांना वाहिलेले आहे. दालनाच्या भिंतींचा निळा रंग हळूहळू गडद होत काळ्यात मिसळतो. पृथ्वीच्या वातावरणातून बाहेर पडताना आकाश जसे बदलत जाते, तसा. या भिंतींवर सिरॅमिकची मोठी गोल चित्रे आहेत आणि त्यांतील माणसे रेषांनी घट्ट बांधलेली नसून धुक्यातून वर येत असल्यासारखी दिसतात. युरी गागारिन आहे, व्हॅलेंटिना तेरेश्कोवा आहे, ताश्कंद परिसरातच जन्मलेला व्लादिमीर जानिबेकोव आहे. मात्र ही मालिका सोव्हिएत अंतराळवीरांपासून सुरू होत नाही, हे मला सर्वात मोलाचे वाटते. त्यांच्या रांगेत पंधराव्या शतकातील समरकंदचा राजा उलूगबेगही आहे. तैमूरच्या या नातवाने वेधशाळा उभारली, हजारांहून अधिक ताऱ्यांची सारणी तयार करवून घेतली, आणि जंतरमंतर उभारणाऱ्या सवाई जयसिंहांनी पुढे त्याच परंपरेचा आधार घेतला. मॉस्कोहून आलेल्या अंतराळयुगाच्या अभिमानात आपल्या मातीतला खगोलवेत्ता इतक्या सहजपणे आणून बसवण्यात या स्थानकाच्या कलाकारांची खरी प्रतिभा दिसते. ज्या वर्षी हे स्थानक उघडले त्याच वर्षी राकेश शर्मा सोव्हिएत यानातून अवकाशात गेले होते. त्यामुळे तिथे उभ्या असलेल्या भारतीय माणसाला ही भिंत परकी वाटत नाही.

अलीशेर नवोई या कवीच्या नावाच्या स्थानकाचा बाज वेगळा आहे. तेथे छताला नक्षीदार घुमटांची रांग आहे आणि भिंतींवर नवोईच्या 'खम्सा' या पाच काव्यांतील प्रसंग कोरलेले आहेत. फरहाद-शिरीन आणि लैला-मजनू यांच्या कथा आपल्याकडेही पोचलेल्या असल्याने पाट्या वाचता आल्या नाहीत तरी प्रसंग ओळखू येतात. एरवी अशी छते पाहायला मदरशांत आणि मशिदींत जावे लागते. येथे त्यांच्याखाली विद्यार्थी दप्तर सावरत गाडीची वाट पाहत असतात. याच स्थानकाला जोडून दुसऱ्या मार्गावरचे पाख्ताकोर आहे. कापूस पिकवणाऱ्यांच्या नावाचे हे स्थानक आणि तेथील कापसाचे मोझेक अतिशय देखणे आहे. मात्र त्यासमोर उभे राहताना याच कापसाच्या सिंचनासाठी अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचे पाणी वळवले गेले व अरल समुद्र आटला, हेही आठवते. त्या भिंतीवर याचा उल्लेख नाही, असण्याची अपेक्षाही नाही. परंतु पाहणाऱ्याने ते मनात ठेवून पाहावे असे मला वाटते.

1991 मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर अनेक स्थानकांची नावे बदलली. लेनिन चौकाचे मुस्ताकिल्लिक मैदोनी, म्हणजे स्वातंत्र्य चौक, झाले. ऑक्टोबर क्रांतीच्या नावाचे स्थानक अमीर तेमूरच्या, म्हणजे तैमूरच्या, बागेच्या नावाने ओळखले जाऊ लागले. मॅक्सिम गॉर्कीची जागा महान रेशीम मार्गाने घेतली. नावे गेली, पण संगमरवर, झुंबरे आणि बरेचसे भित्तिशिल्पकाम राहिले, आणि त्याची निगाही उत्तम राखली आहे. अलीकडे झालेल्या उन्नत मार्गावरची स्थानके मात्र अगदी साधी आहेत; प्रवासासाठी सोयीची, मुद्दाम पाहायला जाण्याची गरज नाही.

आता सेवेविषयी. तिकिटाचा दर अंतरावर अवलंबून नाही; एकदा आत शिरले की कितीही स्थानके जा, मध्ये मार्ग बदला, पैसे तेवढेच, आणि ते भारतीय रुपयांत अगदी किरकोळ. परदेशी बँकेचे स्पर्शाने चालणारे कार्ड दारावर चालते, रोख देऊनही तिकीट मिळते. गाड्या पहाटे पाचपासून मध्यरात्रीपर्यंत धावतात आणि दिवसा फार वाट पाहावी लागत नाही. प्रवेशद्वाराशी पोलीस सामान तपासतात. मोठी पिशवी किंवा पाठपिशवी असेल तर थांबवले जाईल असे धरूनच चालावे. ही मेट्रो युद्धकाळात निवारा म्हणूनही उपयोगी पडावी अशी बांधलेली असल्याने 2018 पर्यंत आत छायाचित्रे काढण्यास बंदी होती. आता ती उठली आहे, पण त्या बंदीमुळेच मेट्रोची कीर्ती जगभर इतक्या उशिरा पोचली. छायाचित्रे जरूर काढावीत, पण लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेत उभे राहून काढू नयेत.

काही उणिवा प्रवासाची आखणी करतानाच लक्षात घेतल्या पाहिजेत. जुन्या स्थानकांवर पायऱ्या बऱ्याच आहेत आणि उद्वाहनाची सोय सर्वत्र नाही. गुडघेदुखीचा त्रास असणाऱ्या ज्येष्ठांनी एका दिवसात तीन-चार स्थानकांचाच बेत करावा. विमानतळाच्या दारात मेट्रो येत नाही, तेथून शहरात येण्यासाठी बस किंवा टॅक्सी घ्यावी लागते. सोव्हिएत बनावटीच्या जुन्या निळ्या डब्यांत आवाज खूप होतो आणि उन्हाळ्यात उकडते. नव्या गाड्या पुष्कळच बऱ्या आहेत. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी भिंती दिसणार नाहीत, तेव्हा स्थानके पाहण्यासाठी दुपारपूर्वीची वेळ निवडावी.

तरीही गर्दीतला एक प्रवास अवश्य करावा, कारण डब्यातील वागणूक हा या सेवेचा असा भाग आहे जो कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो. वृद्ध माणूस दारातून आत आला की तरुण मुले उठतात. कोणी सांगावे लागत नाही. आपण भारतीय आहोत हे कळले की मध्यमवयीन माणसे राज कपूरचे नाव घेतात. चोर्सू स्थानकावर चढणाऱ्या बायकांच्या पिशव्यांतून ताज्या, गोल, मध्ये ठसे उमटवलेल्या नानचा वास डब्यात पसरतो.

चोर्सूला उतरण्याचे कारण अर्थातच बाजार. मोठ्या निळसर घुमटाखालचा हा बाजार स्थानकाच्या अगदी जवळ आहे, आणि शाकाहारी प्रवाशाने तेथेच पोटाची सोय करावी, असा माझा सल्ला राहील. नान, सुकामेवा, खरबूज आणि टोमॅटो-काकडी तर आहेच, शिवाय कोरियन बायका विकतात ती आंबटतिखट गाजराची कोशिंबीर घ्यावी. 1937 मध्ये स्टालिनने अतिपूर्वेकडून सक्तीने हलवलेल्या कोरियन लोकांनी ही चव या देशात आणली आणि आज ती घरोघरी पोचली आहे. मात्र काही कोशिंबिरींत मासे किंवा मांस मिसळलेले असते, म्हणून बोट दाखवण्याआधी विचारून घ्यावे.

समरकंदला जाणाऱ्या वेगवान अफ्रोसियोब गाडीसाठी निघताना टॅक्सी न करता मेट्रोने तोश्केंत स्थानकावर उतरावे. मुख्य रेल्वे स्थानक वर समोरच आहे. रेल्वे स्थानकात शिरताना सामानाची पुन्हा तपासणी होते आणि पासपोर्टही दाखवावा लागतो, म्हणून गाडीच्या वेळेआधी पाऊण तास हाताशी ठेवावा. अफ्रोसियोबची तिकिटे हंगामात लवकर संपतात, त्यामुळे ती ताश्कंदला पोचण्यापूर्वीच काढून ठेवलेली बरी.