नॉइज कॅन्सलिंग हेडफोन आणि कोकणातली हवा: वर्षभराच्या वापरानंतर

सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ हा हेडफोन गेल्या दिवाळीच्या आधी घेतला आणि आता यंदाचा पावसाळा सरत आलाय. रोज पाच-सहा तास तो डोक्यावर असतो. माझं काम मुलाखतींची ध्वनिमुद्रणं ऐकून ती शब्दन्‌शब्द मराठीत उतरवून काढण्याचं. बोलणारी माणसं बहुतेक वयस्कर, आवाज बारीक आणि मुद्रणातच मागे पंखा घरघरत असतो. त्यात माझं घर रत्नागिरीत, हायवेच्या अंगाला. त्यामुळे ही चैनीची वस्तू नाही, पोटापाण्याचं हत्यार आहे आणि त्याच नजरेनं लिहिते आहे.

आधी निकाल सांगते. बाहेरचा आवाज दाबण्याची त्याची ताकद आजही नव्यासारखीच आहे. पण ती आपोआप टिकलेली नाही. नॉइज कॅन्सलिंग हेडफोनमध्ये चिप म्हातारी होत नाही, माईकही सहसा बिघडत नाहीत. म्हातारी होतात ती कानाभोवतीची कुशनं, बिजागरी आणि बॅटरी. विकत घेताना या तीन गोष्टी बघितल्या, तर हेडफोन पाच-सहा वर्षं सहज काढेल असं माझं ठाम मत झालंय. दुकानात मात्र याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. तिथे बोलणं होतं ते बासबद्दल आणि रंगाबद्दल.

हे मॉडेल २०२० सालचं. भारतात आलं तेव्हा किंमत २९,९९० रुपये होती, नंतर बरीच उतरली. जुनं मॉडेल मी मुद्दाम निवडलं. याच्या आधी दुसऱ्या एका कंपनीचा हेडफोन होता, त्याची बिजागरी तडकली. सुटा भाग मिळत नाही, नवीन घ्या, थोडी सूट देतो, एवढंच उत्तर मिळालं. आत सगळं ठणठणीत आणि नखाएवढ्या प्लास्टिकसाठी आख्खी वस्तू कचऱ्यात. तेव्हा ठरवलं की यापुढे जे मॉडेल भरपूर खपलंय तेच घ्यायचं. खपलेल्या मॉडेलची कुशनं बाजारात दहा जण विकतात, बॅटरी मिळते, उघडून दाखवणारे व्हिडिओ असतात आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला ते आधी उघडलेला एखादा कारागीर भेटतो. नव्याकोऱ्या मॉडेलला यातलं काहीच नसतं.

आता आवाज दाबतो म्हणजे नक्की काय करतो ते. हेडफोनवरचे माईक बाहेरचा आवाज ऐकतात आणि आतला स्पीकर त्याच्या बरोबर उलटी लाट सोडतो; दोन्ही एकमेकींना खोडतात. ही युक्ती संथ, घुमणाऱ्या आवाजांवरच नीट चालते. १०० हर्ट्झच्या घरघरीची लाट सव्वातीन मीटरहून लांब असते, तिच्याशी गाठ जमवायला सवड मिळते. ३,४०० हर्ट्झच्या शिट्टीची लाट जेमतेम १० सेंटिमीटरची. तिथे किंचितही चूक चालत नाही. हेडफोनमध्ये हे तंत्र रुजलं ते विमानाच्या घरघरीमुळे. बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला जात होते, इंजिनाच्या आवाजात विमानातल्या हेडफोनवर काही धड ऐकू येईना, तिथे त्यांना ही कल्पना सुचली. वैमानिकांसाठीचा त्यांचा हेडसेट बाजारात यायला १९८९ उजाडलं.

त्यामुळे घरात अनुभव असा येतो: पंखा, फ्रिज, बोअरवेलचा पंप, हायवेवरून जाणाऱ्या ट्रेलरची घरघर, सगळं जवळजवळ गायब. मिक्सरचा घुमारा जातो, पण वरचा किरकिरा आवाज उरतो. कुकरची शिट्टी येतेच. शेजारी बांधकामासाठी जांभ्याचे चिरे कटरनं कापत होते, तो आवाज थोडा बोथट झाला, इतकंच. गणपतीत ढोलाचा घुमा बराच खाली येतो, ताशा मात्र तसाच कडकडतो. माणसांचं बोलणं दबकं होतं, नाहीसं होत नाही. पैसे टाकण्याआधी हे माहीत असलेलं बरं, नाहीतर पहिल्याच दिवशी हिरमोड होतो.

कामाच्या दृष्टीनं माझा मोठा फायदा वेगळाच झाला. मागची घरघर गेली की आवाज वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंत ऐकणं सुरक्षित मानते. माझे तास त्याच्या आसपास जातात, म्हणून आवाजाची पट्टी निम्म्याच्या खाली राहते हे मला बासपेक्षा मोलाचं वाटतं.

प्रवासातली खरी परीक्षा मांडवी एक्स्प्रेसमध्ये होते. रत्नागिरी सोडून मुंबईकडे निघालं की थोड्याच वेळात करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा येतो. स्लीपरच्या डब्यात खिडक्या उघड्या असतात, तिथला गडगडाट ज्यानं ऐकलाय त्याला सांगायला नको. हेडफोन घातलेला असला की बोगदा सुरू झाल्याचं आधी दिव्यांवरून कळतं, मग आवाजावरून. मात्र खिडकीशी बसू नका. वारा थेट माईकवर आला की फडफड आतच ऐकू येते. ॲपमध्ये वाऱ्याचा आवाज कमी करण्याची सोय आहे, तिचा उपयोग होतो, पण मधल्या सीटवर सरकणं जास्त गुणाचं.

आता मुख्य गोष्ट, कुशनं. वरच्या पट्टीतले आवाज चिप अडवत नाही, ते कुशनच अडवतं. आणि खालच्या पट्टीतली उलटी लाटसुद्धा कुशन कानाभोवती घट्ट बसलं असेल तरच हिशोबाप्रमाणे काम करते. कडेला बारीक फट राहिली की घरघर आत शिरते आणि गाण्यातला ढोलका बाहेर पळतो. माझा जाड काड्यांचा चष्मा होता. काडी कानाच्या वर जिथे कुशनखालून जाते तिथे तांदळाच्या दाण्याएवढी फट राहायची आणि तेवढ्यातून पंपाचा आवाज यायचा. पातळ धातूच्या काडीचा चष्मा केल्यावर फरक लगेच कळला. लोंबत्या कानातल्यांनीही तेच होतं, कुड्या चालतात. केस कुशनखाली अडकले असतील तर मागे घ्यायचे.

तपासणी सोपी आहे. पंखा पाचवर ठेवायचा, हेडफोन घालायचा, नॉइज कॅन्सलिंग सुरू करायचं आणि दोन्ही तळव्यांनी कुशनं हलकेच कानाकडे दाबायची. दाबल्यावर पंख्याचा आवाज आणखी खाली गेला, तर कुशन नीट बसत नाही. नवीन असताना फरक जाणवला, तर तो हेडफोन तुमच्या डोक्याच्या मापाचा नाही. काही महिन्यांनी जाणवायला लागला, तर आतला फोम दमलाय. वरचं कातडं दिसायला चांगलं असलं तरी.

हे कातडं म्हणजे पॉलियुरेथेनचा थर. उष्णता आणि ओल मिळाली की ते हळूहळू विघटित होतं आणि त्याचे पापुद्रे निघू लागतात. कोकणात, गोव्यात, मुंबईत दोन्ही गोष्टी बारा महिने हजर. त्यात आपल्याकडे डोक्याला तेल. हेडबँडची टाळूवर टेकणारी जागा आधी चमकदार होते, मग चिकट, मग तिथे बारीक चिरा पडतात. आधीच्या हेडफोनवर हे सगळं पाहिलंय. म्हणून आता तेल लावलं असेल त्या दिवशी हेडबँडखाली पातळ सुती रुमाल असतो. काम संपलं की सुक्या मऊ कापडानं पुसायचं, आठवड्यातून एकदा किंचित ओल्या कापडानं, आणि लगेच कोरडं करायचं. सॅनिटायझर, स्पिरिट अजिबात नाही, त्यानं हा थर कोरडा पडून तडकतो. घामासाठी मिळणारी कापडी कव्हरं मी कुशनांवर लावून बघितली. कातडं वाचतं, पण पंखा-पाचची तपासणी लगेच नापास होते.

पुसल्यावर थेट हार्ड केसमध्ये कोंबायचा नाही. अर्धा तास पंख्याखाली उघडा ठेवायचा, घामाची ओल जाऊ द्यायची, मग ठेवायचा. पावसाळ्यात आमच्याकडे कपाटातल्या चपलेवरही बुरशी येते, म्हणून केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या असतात. या हेडफोनला पाण्यापासून संरक्षणाचं कुठलंही मानांकन नाही. पावसात रिक्षातून उतरून घरापर्यंत जातानाही तो केसमध्ये आणि केस प्लास्टिकच्या पिशवीत.

एवढं करूनही कुशन ही झिजणारी वस्तू आहे, स्कूटरच्या ब्रेक लायनरसारखी, हे मानून चालायचं. उन्हाळ्याच्या शेवटी मी ती बदलली. चपट्या प्लास्टिकच्या पट्टीनं कडेनं उचललं की जुनी सुटतात, नवीन बोटांनी दाबत गोल फिरलं की खट्‌ खट्‌ करत बसतात. स्क्रूड्रायव्हर घालू नका, खाचा तुटतात. बदली कुशनांचे दोन प्रकार मागवले होते. जाडजूड, गुबगुबीत होतं ते बोटाला मऊ, पण आतून पोकळ. कान स्पीकरपासून लांब गेला, बास विरला, पंपाचा आवाज परत आला. दुसरं दिसायला साधं, फोम दाट, आतल्या भोकाचा आकार मूळ कुशनासारखा. तेच ठेवलं. घेताना जुन्याची जाडी आणि आतलं भोक पट्टीनं मोजा आणि जुळणारंच घ्या.

बिजागरीबद्दल. या मॉडेलच्या कपांची, म्हणजे कानावर बसणाऱ्या वाट्यांची, घडी होते. २०२२ च्या एक्सएम५ मध्ये कंपनीनं ती काढून टाकली आणि २०२५ च्या एक्सएम६ मध्ये परत आणली. घडी असली की सांधे वाढतात, हे खरं, पण पिशवीत जागा कमी लागते आणि दाब कमी येतो. दुकानात हेडबँड पूर्ण लांब करून बघा: आत धातूची पट्टी आहे की नुसतं प्लास्टिक? कप हलवल्यावर कुरकुर येते का? स्क्रू दिसताहेत की सगळं चिकटवलेलं आहे? स्क्रू दिसले की मला धीर येतो. वापरताना नियम दोनच पाळते. काढताना दोन्ही हातांनी, सरळ बाहेर ओढून. आणि गळ्यात अडकवून फिरायचं नाही, कारण मानेवर कप पिळले जातात आणि तो पीळ सांध्यावर येतो.

बॅटरीचं गणित बहुतेकांनी केलेलं नसतं, म्हणून सविस्तर. लिथियम बॅटरी साधारण ३०० ते ५०० पूर्ण चार्जनंतर ८० टक्क्यांवर येते असं धरतात. हा हेडफोन नॉइज कॅन्सलिंग चालू असताना ३० तास चालतो. रोज पाच तास वापरला तर सहा दिवसांत एक पूर्ण चार्ज, वर्षाला साठ. म्हणजे ३०० गाठायला पाच वर्षं. तोच हिशोब पाच तास चालणाऱ्या, कानात घालायच्या छोट्या बड्सना लावा: रोज एक, वर्षाच्या आत ३००. जास्त तासांची बॅटरी म्हणजे नुसती सोय नसते, तिथे आयुष्यच वाढलेलं असतं. सेनहायझरचा मोमेंटम ४ तर ६० तासांचा आहे. ज्यांना चार्जिंगची कटकटच नको त्यांनी तो जरूर बघावा. बाकी पथ्य साधं: शून्यावर सोडून द्यायचा नाही, उन्हात उभ्या गाडीत ठेवायचा नाही, महिनाभर वापरणार नसाल तर अर्धा भरून ठेवायचा.

युरोपीय संघाच्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या अशा उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता-घालता आली पाहिजे, थोडे अपवाद सोडून. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, पण हेडफोनच्या बॅटरीला हात लावणारा असा नियम आपल्याकडेही यायला हवा. तीस हजारांची वस्तू पाचशे-हजारांच्या बॅटरीपायी टाकून देणं हा ग्राहकावर अन्यायच आहे.

या मॉडेलच्या मर्यादाही घेण्याआधी माहीत असाव्यात. चार्ज होत असताना वापरता येत नाही. दहा मिनिटांच्या चार्जिंगवर पाच तास, असं कंपनी सांगते, आणि चहाच्या सुट्टीत तेवढ्यावर भागतं. वायर लावली की माईक चालत नाही, फक्त ऐकता येतं. लॅपटॉप आणि फोन दोन्ही एकदम जोडलेले असले की एलडॅक, म्हणजे ब्लूटूथवरून जास्त बारकाव्यांसह आवाज पाठवण्याची सोनीची पद्धत, मिळत नाही; बोलणं ऐकण्याच्या कामात मला त्यानं काही अडलं नाही, गाण्याच्या दर्दी माणसाला अडेल. आपण बोललो की गाणं थांबवणारी सोय मी बंद करून ठेवलीये, कारण ऐकलेलं वाक्य मी पुटपुटत टाइप करते.

बजेट कमी असेल तर नव्या स्वस्त मॉडेलपेक्षा असं एखादं खपाचं मॉडेल वापरलेलं घ्या, पण बिल आणि मूळ हार्ड केससकट. कंपनीच्या ॲपला जोडून सगळे पर्याय चालतात का ते बघा, कारण या मॉडेलच्या नकला खूप फिरतात. कुशनांची अवस्था बघून घाबरू नका, ती बदलता येतात. हेडबँड फाटलेला किंवा सांधा हलणारा असेल तर सोडून द्या. बॅटरी पूर्ण भरायला सांगा आणि नॉइज कॅन्सलिंग चालू ठेवून तीन तास वापरा. दहा टक्क्यांच्या आसपास उतरली तर घ्या. वीसवर गेली असेल तर निम्मी बॅटरी संपलेली आहे, बदलायचा खर्च किमतीतून वजा करायला लावा.