आठ महिने अंगावर कॅमेरा बांधून नाचल्यावर

पहिल्या दिवसाचं फुटेज पाहताना दुसऱ्याच मिनिटाला मळमळायला लागलं. गंमत म्हणजे नाचताना चक्कर आली नव्हती, ती खुर्चीत बसून बघताना आली. डोकं डावीकडे वळलं की कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र डोळ्यांना तितकंच उजवीकडे फिरवतं, म्हणून गिरकीतही समोरचं जग बऱ्यापैकी जागेवर राहतं. कपाळावरच्या कॅमेऱ्याकडे अशी सोय नाही. शिवाय बघताना कान म्हणतो बसलोय, डोळा म्हणतो उडतोय. पोटाने बिचाऱ्याने कुणाचं ऐकायचं?

माझ्याकडे दोन कॅमेरे आहेत. एक साधारण दीडशे ग्रॅमचा, रुंद कोनाचा ठोकळा, कपाळाच्या आणि छातीच्या पट्ट्यांसकट. दुसरा अंगठ्याएवढा, पस्तीस ग्रॅमच्या आसपासचा, चुंबकाने कपड्याला चिकटणारा. वापर सगळा इम्प्रोव्हायझेशनमध्ये, म्हणजे आयत्या वेळी सुचेल तसं नाचण्यात: थोडं एकटीने, बरंचसं जोडीदाराबरोबर कॉन्टॅक्टमध्ये, म्हणजे एकमेकांच्या स्पर्शावर आणि वजनावर चालणाऱ्या नाचात.

मळमळीवर सगळे एकच उपाय सांगतात, स्टॅबिलायझेशन, म्हणजे चित्राची थरथर काढणारं सॉफ्टवेअर, चालू कर. केलं. क्षितिज सरळ ठेवणारी सोयही चालू केली. मग मी जमिनीवर लोळले आणि फुटेजमध्ये हॉल शांतपणे उभाच राहिला, जणू मला कुणी चाकाच्या खुर्चीतून फिरवत होतं. लोळणं गायब! हे सॉफ्टवेअर डोंगरउतारावरच्या सायकलस्वारासाठी ठीक आहे, त्याला रस्ता दाखवायचा असतो. मला धक्काच बघायचा होता. वजन कधी सरकलं, पाय कुठे अडखळला, हे सगळं त्या थरथरीतच असतं. वर हे सॉफ्टवेअर फ्रेमच्या कडा कापतं, म्हणजे हात आणखी लवकर चित्राबाहेर जातात. तिसऱ्या आठवड्यात ते बंद केलं ते कायमचं. आता बघताना स्क्रीन लहान ठेवते आणि निम्म्या वेगाने बघते. मळमळ बरीच कमी होते.

कपाळावर मी दोन महिने घालवले, ते वाया गेले असं माझं स्पष्ट मत आहे. कॅमेरा कपाळावर आला की मी 'बघायला' लागले. एरवी नजर सैल सोडून कडेने येणारं टिपायची सवय आहे. इथे मान म्हणजे ट्रायपॉड झाली. जोडीदाराचा चेहरा फ्रेममध्ये हवा म्हणून मी वळत होते, आणि तो म्हणाला, "आज तू माझ्याशी नाचत नव्हतीस, माझी मुलाखत घेत होतीस." गिरकीत पट्टा भुवयांवर घसरतो ते वेगळंच.

छातीवर श्वास सुंदर दिसतो, अख्खी फ्रेम वरखाली होते. पण वाकलं की फक्त जमीन. आणि एका उचलीत जोडीदाराच्या गालाचं हाड त्या ठोकळ्यावर आपटलं. सूज दोन दिवस होती. त्यानंतर कॉन्टॅक्टमध्ये अंगावर कठीण काही बांधायचं नाही हा नियम केला. लहान कॅमेरासुद्धा मऊ मनगटपट्टीत, कापडाच्या घडीत बसवते.

हे मनगटच खरं ठिकाण निघालं. दिसायला फुटेज कचरा आहे: छत, स्वतःची हनुवटी, कुणाचं तरी खांद्याचं पातं, अंधार, पुन्हा छत. पण त्यातच मला माझी लबाडी सापडली. मी बेधडक पडते असं मला आणि इतरांना वाटायचं. मनगटाच्या फुटेजमध्ये दर वेळी कंबर सुटायच्या आधीच हात जमिनीकडे निघालेला दिसतो. म्हणजे मी पडत नव्हते, उतरत होते. बाहेर ठेवलेल्या कॅमेऱ्यात हे कधीच कळलं नव्हतं, तिथे पडण्याचा आकार दिसतो आणि आकार चांगलाच होता. क्रम दिसत नाही.

कॉन्टॅक्टवाल्यांना व्हिडिओ नवा नाही. कॉन्टॅक्टची सुरुवात करणाऱ्या स्टीव्ह पॅक्स्टनच्या १९७२ च्या 'मॅग्नेशियम' या नाचाचंही चित्रण झालं होतं. पण तो कॅमेरा नाचणाऱ्यांच्या बाहेर होता. अंगावर यंत्र बांधून नाचणं म्हणाल तर नृत्यदिग्दर्शक ट्रिशा ब्राउनने १९६६ मध्ये 'होममेड' या नाचात पाठीवर चक्क फिल्मचा प्रोजेक्टर बांधला होता, त्यातून तिच्याच नाचाची फिल्म भिंतींवर फिरत होती. ते आठवलं की माझं दीडशे ग्रॅमचं रडगाणं थांबतं.

मनगटाचीही खोड आहेच. कॅमेरा बांधलेला हात नट होतो, उगाच लांब जातो, जोडीदाराभोवती घिरट्या घालतो. म्हणून वॉर्म-अपलाच रेकॉर्डिंग चालू करून विसरते आणि पहिली वीस मिनिटं बघतच नाही. कधी डावं मनगट, कधी उजवं. कमरेच्या मागेही लावून पाहिला. जोडीदार जवळ येताना आणि माझी पाठ त्याला उशिरा ओळखताना दिसते, पण पाठीवर लोळता येत नाही, म्हणून फक्त उभ्याने करायच्या सरावापुरता.

तांत्रिक बाबी थोडक्यात. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेम्स ठेवा, नाहीतर काही दिव्यांखाली चित्र लुकलुकतं. मंद उजेडात १२० फ्रेम्सचा हट्ट नको, चित्र काळवंडतं आणि दाणेदार होतं. ४के मध्ये ठोकळा इतका तापला की दोनदा मध्येच बंद पडला. १०० मेगाबिटच्या वेगाने तासाला सुमारे ४५ जीबी भरतात आणि ते बघायला तुमच्याकडे आयुष्य नाही. मी ४के सोडून १०८० या कमी रिझोल्यूशनवर आले. दोघांच्या अंगावर कॅमेरे असतील तर सुरुवातीला एक टाळी वाजवा, नंतर जुळवाजुळव सोपी जाते.

आवाजाबद्दल कुणी सांगितलं नव्हतं. कापडाची घासाघीस वगळली तर माइकने माझा श्वास पकडला, किंवा त्याचा अभाव. प्रत्येक उचलीत मी श्वास कोंडते. आता कित्येकदा चित्र झाकून नुसतं ऐकते.

जॅममध्ये, म्हणजे बरेच जण जमून मोकळेपणी नाचतात तिथे, आधी सगळ्यांना विचारते. एकानेही नको म्हटलं तर कॅमेरा पिशवीत. कारण विचारत नाही.

सध्या ठोकळा कोपऱ्यात स्टँडवर असतो, छोटा मनगटावर, तोही आठवड्यातून एकदाच. फुटेज त्याच रात्री बघितलं तर पुढच्या सत्रात मी तेच दुरुस्त करत बसते, म्हणून दोन दिवस कार्डाला हात लावत नाही. पडण्याआधीचा हात अजून सुटलेला नाही. गेल्या आठवड्यात एकदा तो उशिरा निघाला, आणि कोपर चांगलंच शेकलं.