काकांचा नवा पाय : पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्राचा अनुभव

माझे काका १९९९ च्या कारगिल युद्धात द्रास भागात सुरुंगावर पाय पडून जखमी झाले आणि त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. या घटनेला पंचवीस वर्षे उलटली. पण कृत्रिम पाय ही एकदा घेतली की विसरून जाण्याची वस्तू नाही, हे आमच्या घराला दर तीन-चार वर्षांनी नव्याने कळते. गेल्या वर्षी त्यांनी पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रातून, म्हणजे फौजी मंडळी ज्याला नुसते ‘लिंब सेंटर’ म्हणतात तिथून, नवा पाय करून घेतला. सर्व फेऱ्यांना मी सोबत होतो, त्यामुळे हे ऐकीव नाही.

त्याआधी आम्ही एक महागडी चूक केली होती. एका शहरातील खासगी दुकानातून कार्बन फायबरचा पंजा असलेला पाय घेतला. पंजा खरोखरच उत्तम होता, टाच टेकताच किंचित दबे आणि पाऊल उचलताना पुढे रेटा देई. दुकानदाराने मात्र एकाच भेटीत माप घेतले आणि तयार पाय कुरिअरने घरी पाठवून दिला. पंधरा दिवसांत नडगीच्या हाडाच्या टोकाशी जखम झाली आणि काका दीड महिना कुबड्यांवर आले. तक्रार केली तेव्हा ‘सवय होईल’ एवढेच उत्तर मिळाले.

दोष पंजाचा नव्हता, सॉकेटचा होता. कापलेल्या पायाचा उरलेला भाग, ज्याला सगळे स्टंप म्हणतात, ज्या कपात बसतो तो कप म्हणजे सॉकेट. शरीराचा सगळा भार तिथूनच खाली उतरतो आणि तो वाटेल त्या जागी घेऊन चालत नाही. गुडघ्याच्या वाटीखालचा जाड स्नायुबंध भार सोसू शकतो. नडगीची कड आणि बाहेरच्या बारीक हाडाचे टोक सोसू शकत नाही. केंद्रातील तंत्रज्ञाने काकांच्या स्टंपवर पातळ मोजा चढवला, बोटांनी चाचपत या जागा शोधल्या आणि ओल्या कॉपिंग पेन्सिलीने त्यांवर जांभळ्या खुणा केल्या. वरून प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळल्या. साचा सुकून निघाला तेव्हा त्या खुणा आतल्या बाजूला जशाच्या तशा उमटलेल्या होत्या. या साच्यात ओतलेल्या प्लास्टरच्या ठोकळ्यावर, जिथे भार घ्यायचा तिथे थोडे खरवडतात आणि जिथे हाडाला मोकळीक हवी तिथे थर चढवतात. सगळी कारागिरी या दोन-चार मिलिमीटरमध्ये असते.

चाचणीच्या दिवशीचा प्रसंग मुद्दाम सांगतो. समांतर दांड्यांमध्ये दोन फेऱ्या मारल्यावर तंत्रज्ञाने विचारले, “काका, कुठे टोचतंय?” काका म्हणाले, “नाही, एकदम ठीक आहे.” त्याने काही न बोलता पाय काढायला लावला आणि कातडीकडे पाहत थांबला. दहा मिनिटे झाली तरी एका जागेची लाली जाईना. तेव्हा तो म्हणाला, “सोसायची सवय तुम्ही पलटणीत ठेवून यायची. इथं दुखलं तर ओरडायचं.” काका ओशाळून हसले. दुखणे लपवणे हीच ज्याची शिस्त, त्याच्या शब्दापेक्षा कातडीवर विश्वास ठेवणारा माणूस आम्हाला पंचवीस वर्षांत पहिल्यांदा भेटला. सॉकेट दोनदा दुरुस्त झाले, त्यानंतरच पाय हातात मिळाला.

चालण्याच्या सरावात उतार, पायऱ्या आणि खडबडीत जमीन यांवर भर होता. स्टंप सकाळी जाड आणि संध्याकाळी बारीक असतो, म्हणून दिवसभरात मोजे वाढवत न्यायचे, हे काकूलाही समजावून सांगितले. नसलेल्या अंगठ्याला रात्री येणाऱ्या कळांबद्दल काका आजवर घरात बोलतच नसत. तेथील खोलीत तसलेच चार जण भेटल्यावर त्यांनी तो विषय स्वतःहून काढला.

आता उणिवा. उन्हाळ्यात सिलिकॉनच्या अस्तरात इतका घाम साचतो की दुपारी पाय काढून पुसावाच लागतो. नव्या पायाने मांडी घालता येत नाही आणि उकिडवे बसणे तर दूरच. या बाबतीत १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा या कारागिराने घडवलेला रबरी ‘जयपूर फूट’ अजूनही सरस वाटतो, कारण तो अनवाणी चालणाऱ्या आणि जमिनीवर बसणाऱ्या माणसासाठीच केलेला आहे. काका शेतात तोच जुना पाय वापरतात. दाराआड दोन पाय उभे पाहून पाहुणे दचकतात, हा वेगळा भाग.

हे केंद्र १९४४ साली, दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी सुरू झाले. सामान्य नागरिकांनाही तेथे शुल्क भरून अवयव करून मिळतो. माजी सैनिकांनी डिस्चार्ज बुक आणि २००३ पासून सुरू असलेल्या अंशदायी आरोग्य योजनेचे कार्ड यांच्या प्रती आधीच काढून ठेवाव्यात. मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठी मात्र वाट वेगळी आहे. त्यांच्यासाठी खडकीला १९७४ पासून पक्षाघात पुनर्वसन केंद्र आहे. पोहण्याचा व्यायाम अशा माणसाला कुठवर नेऊ शकतो, हे १९६५ च्या युद्धात मणक्याजवळ गोळी लागलेल्या सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला पॅरालिम्पिक सुवर्णपदक जिंकून दाखवलेच आहे.

दूरच्या गावाहून येणाऱ्यांनी एका दिवसात काम उरकण्याचा बेत करू नये. आमच्या चार फेऱ्या झाल्या आणि त्यांतील तिसरी सर्वांत उपयोगी ठरली, कारण महिनाभर वापरल्यानंतर सॉकेट सैल पडल्याचे तेव्हाच लक्षात आले. सोबत येणाऱ्याने रुग्णाचा रोजचा बूट पिशवीत जरूर घ्यावा. पायाची उंची त्या बुटाच्या टाचेवरून जुळवतात. काका पहिल्या दिवशी चप्पल घालून गेले आणि आमचा अर्धा दिवस बूट शोधण्यात गेला.